परसातले दुसरे घर

माझ्यासमोर सव्वीस पानांची एक फाइल आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी एका उपनगरात माझा भाचा राहतो. त्याने २०१३ साली तिथल्या नगरपालिकेकडे केलेला अर्ज, त्यावरचे शेरे, शेजाऱ्यांच्या हरकती, सुनावणीचे इतिवृत्त आणि शेवटी नकाराचे पत्र, एवढा ऐवज तिच्यात आहे. मागणी फार मोठी नव्हती. घरामागच्या सुट्या गॅरेजात एक खोली काढायची, तिला न्हाणीघर जोडायचे आणि कोपऱ्यात एक शेगडी बसवायची. खोली माझ्या थोरल्या बहिणीसाठी, म्हणजे भाच्याच्या आईसाठी होती. आम्ही भावंडे तिला अक्का म्हणायचो. सव्वीस पानांत तिचे नाव एकदाही आलेले नाही.

गेल्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे दोन महिने होतो, तेव्हा ही फाइल त्याने माझ्या हातात दिली. "मामा, तुम्ही वाचून बघा. नक्की कशाला नाही म्हणाले ते मला आजवर कळलेलं नाही." मी महाविद्यालयात मराठी शिकवली, कायदा माझा विषय नव्हे. पण वाचणे हा माझा धंदा आहे. फाइल वाचली, तिच्यात ज्या कलमांचे हवाले होते ती वाचली, त्या कलमांच्या मुळाशी असलेले जुने निकाल वाचले. वाचता वाचता लक्षात आले की नियमालाही निवेदक असतो. कोणाला नाव द्यायचे, कोणाला वगळायचे, कोणाला मुख्य धरायचे आणि कोणाला जोडीला ठेवायचे हे तो आधीच ठरवून बोलत असतो. तेव्हा हे एका नियमाचे वाचन आहे. वाङ्मयाच्या अंकात घरबांधणीचे नियम कशाला, असे कोणाला वाटले तर त्याने थोडा धीर धरावा.

आपल्याकडे झोनिंग म्हटले की पिवळा पट्टा, हिरवा पट्टा, कारखाना इथे आणि शाळा तिथे, एवढेच डोळ्यांसमोर येते. भूखंडावर किती बांधायचे ते चटईक्षेत्र निर्देशांकावरून ठरते. त्या बांधकामात किती बिऱ्हाडे राहतील हा आपल्या नियमातला मुख्य प्रश्न नसतो. अमेरिकी नियमाने मात्र पूर्वीपासून बिऱ्हाडेच मोजली. तिथल्या शहरांत राहण्यासाठी राखलेल्या जमिनीचा फार मोठा भाग 'एककुटुंब' विभागात मोडत आला आहे: एका भूखंडावर एक घर, एका घरात एक कुटुंब. भाच्याच्या उपनगरापासून फार लांब नसलेल्या बर्कलीने १९१६ साली आपल्या नियमावलीत असा खास विभाग केला आणि एल्मवुड या वस्तीचे नाव त्या इतिहासात कायमचे जोडले गेले. त्यानंतर वर्षभराने, १९१७ साली, लुइव्हिल शहराच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कोणत्या वर्णाच्या माणसाने कोणत्या गल्लीत राहावे हे शहराला कायद्याने ठरवता येणार नाही. सगळे झोनिंग वर्णद्वेषातून आले असे म्हणणे ढोबळ होईल. कारखान्यांचा धूर, आगीची भीती, लहान मुलांची सुरक्षितता ही कारणेही खरी होती. पण माणसाचे नाव घेऊन जे करणे बंद झाले, ते इमारतीचे नाव घेऊन करता येत होते, हेही तितकेच खरे.

या साऱ्याला घटनात्मक आधार मिळाला तो १९२६ च्या युक्लिड निकालाने. युक्लिड हे ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहराचे उपनगर. तिथे एका जमीन कंपनीची अडुसष्ट एकर जागा होती. गावाने १९२२ साली झोनिंग लागू केले तेव्हा आपल्या जागेची किंमत कोसळली, अशी कंपनीची तक्रार होती. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी गावाच्या बाजूने कौल दिला. कारखाना आणि घरे यांच्यात अंतर हवे हा युक्तिवाद कोणालाही पटण्यासारखा आहे. पण निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड तिथे थांबत नाहीत. ते सदनिकांच्या इमारतींकडे वळतात आणि त्यांची भाषा बदलते. स्वतंत्र घरांच्या वस्तीत उभी राहणारी अशी इमारत त्यांना परजीवी वाटते: इतरांनी निर्माण केलेल्या मोकळ्या हवेवर आणि शोभेवर जगणारी. योग्य वस्तू अयोग्य जागी आली की उपद्रव होतो हे सांगताना ते गोठ्याऐवजी दिवाणखान्यात शिरलेल्या डुकराचा दाखला देतात.

विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगायचो की युक्तिवाद जिथे लंगडा पडतो तिथे लेखक रूपकाची काठी हाती घेतो. इथे तसेच झाले आहे. सदनिकेत राहणारा माणूस भाडे देतो, कामावर जातो, मुलांना शाळेत घालतो. तो परजीवी का, याचे उत्तर निकालपत्रात नाही, रूपक आहे. आणि रूपकाची सोय अशी की इमारतीला परजीवी म्हटले, तर माणसाला काही म्हटल्याचा आळ येत नाही.

याच सदरलँड यांचे आणखी एक निकालपत्र भारतीय वाचकाला माहीत असायला हवे. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात त्यांनीच लिहिले होते. थिंद पंजाबातून आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले. नागरिकत्व तेव्हा 'गोऱ्या' व्यक्तींना मिळे (आफ्रिकी वंशाच्या लोकांना निराळ्या तरतुदीने), आणि भारतीय हे शास्त्रानुसार कॉकेशियन, म्हणून आपण गोरे, असे त्यांचे म्हणणे होते. (आपण आर्य असल्याचा हा दाखला आज वाचताना अवघडायला होते, पण तो वेगळा विषय.) त्याआधी तीनच महिने, ओझावा या जपानी अर्जदाराला नाकारताना, गोरा म्हणजे कॉकेशियन असे सदरलँड यांनीच लिहिले होते. थिंद यांच्यासमोर मात्र त्यांनी शास्त्र बाजूला ठेवले: शब्दाचा अर्थ सामान्य माणूस जो समजतो तोच, आणि सामान्य माणूस तुम्हाला गोरा समजत नाही. त्या निकालानंतर नागरिकत्व मिळालेल्या कित्येक भारतीयांचे नागरिकत्व गेले आणि कॅलिफोर्नियाच्या जमीन कायद्यामुळे त्यांना तिथे शेतजमीन घेता येईना.

दोन्ही निकालांचे विषय वेगळे आहेत आणि एकातून दुसरा निघाला असे मी म्हणत नाही. पण लेखक एकच आहे आणि त्याची रीतही एकच: एक शब्द घ्यायचा, त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार आधीपासून आत बसलेल्याला द्यायचा, आणि बाहेरच्याला सांगायचे की हा तर सर्वांना ठाऊक असलेला साधा अर्थ आहे. १९२३ साली तो शब्द 'गोरा' होता. १९२६ नंतर 'वस्तीचे स्वरूप' हा होता.

माझ्या फाइलीत हा शब्द अकरा वेळा येतो. इंग्रजीत तो 'कॅरेक्टर' आहे. आपण मराठीत हा शब्द घेतला तो बाईच्या शीलासाठी; 'तिचं कॅरेक्टर' असे दबक्या आवाजात म्हणणारी माणसे माझ्या लहानपणी आळीआळीत होती. फाइलीतला वापर मला फार वेगळा वाटला नाही. तीन शेजाऱ्यांच्या हरकती आहेत. एकाला गाड्यांची चिंता, एकाला परसात डोकावणाऱ्या खिडकीची, एकाला नुसतीच वस्तीच्या कॅरेक्टरची. पहिल्या दोघांशी बोलता येते. गाडी मोजता येते, खिडकी सरकवता येते. तिसऱ्याशी बोलता येत नाही, कारण कॅरेक्टर म्हणजे काय हे तोच ठरवणार. नकाराच्या पत्रात तीन कारणे आहेत: गॅरेज गेले की छपराखालच्या दोन गाड्यांची जागा जाते, दुसऱ्या घरासाठी भूखंड किमान क्षेत्रफळापेक्षा लहान आहे, आणि नियमातून सूट द्यावी तर वस्तीच्या स्वरूपाला बाधा येणार नाही अशी खात्री देता येत नाही. पहिली दोन आकड्यांत आहेत. सूट मागायची मुभा होतीच, म्हणून तर सुनावणी झाली. प्रकरण बुडाले ते तिसऱ्यावर.

आता 'कुटुंब' या शब्दाकडे येतो. युक्लिडपासून थोड्याच अंतरावर, त्याच क्लीव्हलँडला चिकटून, ईस्ट क्लीव्हलँड नावाचे गाव आहे. तिथे आयनेझ मूर नावाची आजी मुलाबरोबर आणि दोन नातवांबरोबर राहत होती. दोन्ही नातू सख्खे भाऊ नव्हते; एकाची आई वारली म्हणून तान्हेपणीच तो आजीकडे आला होता. गावाच्या नियमात कुटुंबाची व्याख्या अशी केली होती की हे दोघे एका छताखाली बसत नव्हते. सख्खे भाऊ असते तर चालले असते. नातवाला घराबाहेर काढा अशी नोटीस आली, आजीने नकार दिला, आणि तिला पाच दिवसांची कैद व पंचवीस डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७७ साली पाच विरुद्ध चार मतांनी ती जिंकली. एका मताने. मराठीत 'चुलतभाऊ' म्हणताना भाऊ हा शब्द त्यातच असतो. त्या नियमाने तो काढून टाकला होता. ईस्ट क्लीव्हलँड तोवर बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे गाव झाले होते आणि कारभारही त्यांच्याच हाती होता, हे इथे नोंदवायला हवे. नियम कोणी लिहिला आणि कोणी राबवला यात पुष्कळदा असा फेर पडतो; शब्द मात्र पहिल्याच मालकाचे काम करत राहतात.

मूर यांचा विजय आपल्या लोकांना आवडतो. मुंबई-पुण्यात या विषयावर बोललो तेव्हा दरवेळी कोणीतरी म्हणालेच: अमेरिकेला एकत्र कुटुंब कळत नाही, आपल्याला कळते. मला हे म्हणणे दोन कारणांनी मान्य नाही.

पहिले कारण कायद्यातले आहे. मूर यांच्या तीनच वर्षे आधी, १९७४ साली, बेल टेर या खेड्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने नात्याबाहेरच्या माणसांनी एकत्र राहण्यावरची मर्यादा योग्य ठरवली होती. भाड्याने राहणारे सहा विद्यार्थी हरले, आजी जिंकली. म्हणजे भिंत पडली नाही, नात्यातल्यांसाठी तिला दार केले गेले. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने १९८० साली सांता बार्बराच्या खटल्यात ती मर्यादाही राज्यापुरती मोडीत काढली, पण तिचे कौतुक मी कोणाच्या तोंडून ऐकले नाही. आजीची गोष्ट सांगायला सोपी असते.

दुसरे कारण अक्काचे आहे. अक्काला एकत्र राहायचे नव्हते.

नियमाला घर कशाने कळते? भिंतीने नाही, दाराने नाही, पलंगानेही नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात स्वतंत्र घर म्हणजे जिथे राहणे, झोपणे, जेवणे, स्वयंपाक आणि स्वच्छता यांची कायमची सोय आहे ती जागा. यातल्या बाकीच्या सोयी खोलीतही असू शकतात. पारडे फिरते ते शेगडीने. माझ्या फाइलीत नकाशावर लाल शाईने शेगडीभोवती गोल केला आहे आणि समासात शेरा आहे की ही वस्तू काढल्यास जागा 'घर' राहणार नाही. त्या गावात परसात अवजारांची खोली चालत होती, चित्रे काढायची खोली चालत होती, पोहण्याच्या तलावाशेजारी कपडे बदलायला न्हाणीघरासकट खोपटे चालत होते. चहा करता येणारी खोली चालत नव्हती.

मराठी माणसाला यात परके काहीच वाटू नये. 'वेगळी चूल मांडली' म्हणजे घर फुटले, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. आपली जनगणना एका स्वयंपाकावर जेवणारे ते एक कुटुंब असे धरते. वाड्यात वीस बिऱ्हाडे असली तरी ती मोजायची चुलीवरूनच. बांधकाम नियंत्रण नियमावलीतले गाळ्याचे लक्षणही स्वयंपाकाची जागा हेच आहे. अमेरिकी नियमाचा आणि आपल्या म्हणीचा मोजण्याचा दगड एकच. फरक इतकाच की आपण दुसऱ्या चुलीला दुःख म्हणालो आणि त्यांनी तिला बेकायदा ठरवले.

अक्काची अडचण साधी होती. ती मिरजेहून मुलाकडे कायमची गेली तेव्हा सत्तरी ओलांडलेली. पहाटे चारला उठायची सवय. भाचेसून इस्पितळात कामाला. रात्री अकराला घरी यायची. घर अमेरिकी पद्धतीचे, स्वयंपाकघराला दार नाही, सगळे मोकळे. फोनवर ती मला म्हणाली होती, "अरे, चारला भांडं वाजलं की ती पोर दचकून उठते. बोलत नाही काही. मीच मग सहापर्यंत अंथरुणात पडून राहते, चहासाठी." दोन वर्षे ती अशी पडून राहिली. तिला मुलाच्या परसात, हाकेच्या अंतरावर, स्वतःची शेगडी हवी होती. एककुटुंब विभागाच्या नियमाला हे समजत नव्हते, कारण त्याच्या लेखी ती एक तर कुटुंबात होती किंवा परकी बिऱ्हाडकरू. आणि आपल्या गावकीलाही समजले नसते. मुलाने आईला गॅरेजात ठेवले, असेच मिरजेत म्हटले गेले असते. ती सुनावणीला गेली होती. इंग्रजी बेतासबात. शेवटच्या रांगेत बसून आली. इतिवृत्तात बोललेल्यांची नावे आहेत, बसलेल्यांची नाहीत.

२०१४ साली ती मिरजेला परतली. २०१८ च्या पावसाळ्यात तिथेच गेली.

तोवर कायदा बदलला होता, आणि हा बदल मला कोणत्याही आजीच्या गोष्टीपेक्षा जास्त वाचनीय वाटतो. कॅलिफोर्नियाने १९८२ सालीच शहरांना परसातल्या दुसऱ्या घरांसाठी वाट करून दिली होती, पण अटी घालण्याची मोकळीक शहरांकडे ठेवली. २००२ साली सांगितले की नियमात बसणाऱ्या अर्जाला सुनावणीशिवाय मंजुरी द्या. मग शहरांनी नियमच असे केले की अर्ज बसू नये: भूखंड मोठा हवा, गाड्यांना छप्पर हवे. माझी फाइल या टप्प्यावरची. २०१६ साली मंजूर होऊन २०१७ पासून लागू झालेल्या आणि पुन्हा २०२० पासून लागू झालेल्या कायद्यांनी ही पळवाट बुजवली. आता आठशे चौरस फुटांपर्यंतचे, सोळा फूट उंचीचे, बाजूने आणि मागून चार फूट सामासिक अंतर सोडलेले घर नाकारता येत नाही. गॅरेज रूपांतरित केले तर गाडीची बदली जागा मागता येत नाही. पूर्ण अर्जावर साठ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. मापता येतील तेवढ्याच अटी घालायच्या. 'स्वरूप' मापता येत नाही.

म्हणजे विशेषणे गेली आणि आकडे आले. साहित्याच्या माणसाने या बदलाचे स्वागत करावे हे विचित्र वाटेल. आम्हाला आकड्यांचा रुक्षपणा सलतो, शब्दांची उब हवीशी वाटते. पण या फाइलीत उबदार शब्द सगळे शेजाऱ्यांच्या बाजूने होते. चार फुटांना कोणाची जात, चामडी, उच्चार कळत नाही. परिणाम डोळ्यांना दिसतो: २०१६ च्या सुमारास साऱ्या राज्यात जेमतेम हजार-दीड हजारांच्या घरात असलेले वार्षिक परवाने २०२२ पर्यंत वीस हजारांच्या पुढे गेले.

तरी एक शब्द उरला, आणि माझी तक्रार त्याच्याबद्दल आहे. पूर्वी कायद्यात या वास्तूला 'दुसरे घर' म्हणत. सुधारणा करताना तिचे नाव बदलले. आपल्या सरकारी मराठीत सांगायचे तर ते 'आनुषंगिक निवास' झाले. दुसरा माणूस पहिल्याच्या शेजारी उभा राहू शकतो. आनुषंगिक माणूस मागे उभा राहतो. हे नुसते शब्दांचे कीस काढणे नव्हे: आनुषंगिक असल्यामुळेच हे घर सर्वसाधारणपणे मुख्य घरापासून वेगळे विकता येत नव्हते. २०२३ सालच्या एका कायद्याने तशी परवानगी देण्याची मुभा शहरांना दिली, पण सक्ती केली नाही. तिथे राहणारा वर्षानुवर्षे भाडे भरेल, मालक होणार नाही. ज्याच्याकडे आधीच घर आहे त्यालाच दुसरे बांधता येते, आणि खर्च असा की कर्जाशिवाय कोणाला झेपत नाही.

शिवाय हे सगळे आजीच्या नावावर झाले. बोलीत या घरांना आजीचे घर असेच म्हणतात. सभांमधून आजी पुढे केली गेली, कारण परसात भाडेकरू आणतो म्हटले असते तर सभा उठून गेली असती. मालकाने तिथेच राहिले पाहिजे ही अट २०२० पासून शहरांना नव्या घरांवर घालता येईना, आणि पुढे ती मनाई कायम झाली. आज या घरांत बरेच भाडेकरू राहतात, त्यात मला काही गैर दिसत नाही. त्यांनाही राहायला जागा हवीच. पण त्यांना आत येण्यासाठी म्हातारीचा पदर धरावा लागला. भाडेकरूला भाडेकरू म्हणून वस्तीत जागा आहे, हे वाक्य त्या चर्चेत मला सापडले नाही.

आपणही ते कुठे लिहिले? सहकारी गृहसंस्थांच्या भिंतीआडचे अलिखित नियम पुण्या-मुंबईत घर शोधणाऱ्या प्रत्येक एकट्या मुलीला, प्रत्येक मुसलमान जोडप्याला तोंडपाठ आहेत. लिहिलेलेही आहेत: अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सदस्यत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा उपविधी २००५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. 'आपली सोसायटी फॅमिली लोकांची आहे' हे वाक्य मी स्वतः आमच्या सभेत ऐकले आहे आणि गप्प बसलो आहे. तेव्हा मला सदरलँड आठवायला हवे होते. मी ते वाचलेच नव्हते.

भाच्याला नवा कायदा कळला तो २०१९ च्या अखेरीस, हरकत घेणाऱ्या तिघांपैकी एका शेजाऱ्याकडून. त्या गृहस्थांना स्वतःच्या आईसाठी परसात बांधायचे होते. भाच्याने २०२१ साली अर्ज केला. सत्तावन्न दिवसांत मंजुरीचा ईमेल आला. सुनावणी नाही, हरकती नाहीत. या वेळची फाइल चार पानांची आहे.

त्या खोलीत आता भाचेसुनेच्या इस्पितळातली एक परिचारिका भाड्याने राहते. ती सुट्टीला गावी गेली होती म्हणून मला तिथे दोन आठवडे झोपता आले. दोन्ही नकाशे मी टेबलावर शेजारी शेजारी पसरून पाहिले. आराखडा जवळजवळ तोच आहे. भाच्याने जुनाच कागद नव्या वास्तुरचनाकाराला दिला होता. न्हाणीघर थोडे सरकले आहे. शेगडी त्याच कोपऱ्यात आहे, खिडकीखाली, जिथे पहिल्या नकाशावर लाल गोल होता. पहाटे चारला मला जाग आली. चहा ठेवला. मुख्य घरात दिवा लागला नाही.